डागशास्त्री चरात उतरतात

डाग हा मनुष्यजातीचा सगळ्यात जुना शत्रू असून आजवर तो आपल्या हातून एकदाही सुटलेला नाही, असं डागशास्त्रींचं ठाम म्हणणं होतं. दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ते हे ऐकवत. ऐकवताना अंगात जो शर्ट असे, त्याच्या खिशाखाली शाईचा एक निळा तलाव पसरलेला असे. कुणी त्याच्याकडे बोट दाखवलंच, तर ते म्हणत, "तो घरचा आहे. आधी गिऱ्हाइकाचं."

डागशास्त्री हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते लाँड्रीवाले. पण डाग समोर आला की ते आधी चष्मा पुसत, मग वास घेत आणि मग गिऱ्हाइकाकडे अशा नजरेने बघत की तो बिचारा काहीही कबूल करून मोकळा होई.

"चहा?"

"हो."

"दुसऱ्याने सांडला म्हणता?"

"हो."

"उजव्या बाहीवर, आतल्या बाजूने?"

"...मीच सांडला हो!"

आता दैवाचा खेळ बघा. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ मातीशी युद्ध चाललेलं, त्याच घरातली एकुलती एक लेक मोठी झाली आणि मातीतच नोकरीला लागली! लहानपणी ही पोरगी एका जागी बसत नसे, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. ती आता समुद्रकाठच्या एका पुरातन किल्ल्यापाशी उत्खननाच्या कामावर होती आणि दिवसचे दिवस एकाच चरात बसून हातभर जमीन खरवडत होती. "बाबा, एकदा बघायला या ना," असं ती फोनवर नेहमी म्हणायची. "गर्दीचे दिवस आहेत गं," असं हे नेहमी म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं. लेक नेमकं काय करते हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. तिथल्या शिकलेल्या माणसांनी आपल्याला काही विचारलं आणि आपण भलतंच बोललो तर पोरीची मान खाली जाईल, ही धास्ती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला माहीत होतं, पण तिला तर सगळंच माहीत असे.

या खेपेला मात्र फोनवर भिंगरीचा आवाज बारीक झाला होता.

"बाबा, शनिवारी मोठ्या मॅडम माझा चर बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर पुढचा हंगाम मिळेल. नाही पटलं तर चर बुजवून टाकायचा. तुम्ही बुजवायच्या आधी तरी बघून जा."

डागशास्त्रींनी फोन ठेवला आणि ते म्हणाले, "शनिवारी दुकान बंद."

दुकान बंद! शेजारचा चष्मेवाला शुक्रवारी दारावरची पाटी वाचून चेहरा पाडून आत आला, बराच वेळ हात चोळत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "कधी झालं?"

निघताना बायकोने बजावलं, "तिथे कशाकशाला हात लावायचा नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"खिशात काय आहे?"

खिशात डाग काढायचा छोटा ब्रश होता, खरवडायची पातळ पट्टी होती आणि बोटभर उंचीची एक बाटली होती.

"अगं, डॉक्टर कधी नळ्यांशिवाय घराबाहेर पडतो का?"

"पडतो," बायको म्हणाली. "रोज पडतो."

किल्ला मोठा देखणा होता. तीन बाजूंनी पाणी, तटाचे दगड खाऱ्या वाऱ्याने कॉलरसारखे विरलेले. खाली समुद्र खडकांवर नुसता फेस काढत होता. डागशास्त्रींनी तो क्षणभर पाहिला आणि साबण जरा जास्त पडलाय असं मत दिलं. तटाच्या आतल्या बाजूला जमीन चौकोन-चौकोन आखून खणलेली होती. चौकोनांत टोप्या घातलेली माणसं उकिडवी बसून ब्रशाने जमीन झाडत होती.

"भिंगरेऽऽ!" डागशास्त्रींनी आनंदाने आरोळी ठोकली.

सगळ्या टोप्या वळल्या. त्यातली एक कानापर्यंत लाल झाली आणि धावत आली. "बाबा, इथे मला त्या नावाने..." असं म्हणता म्हणता तिने बापाला मिठी मारली. मिठी सुटली तेव्हा पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर मातीचे दहा बोटांचे ठसे उमटले होते. बायकोने ते पाहिले. डागशास्त्रींना ते न बघताही कळले. ते काही बोलले नाहीत! बायकोने ही गोष्ट मनात नोंदवून ठेवली. लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं.

भिंगरीने दोघांना चराच्या काठावर उभं केलं. तिच्याबरोबर एक दाढीवाला होता. चरात जे जे दिसेल ते मोजून कागदावर काढायचं, हे त्याचं काम. तो बोलत नसे. नमस्कारसुद्धा त्याने मान हलवून उरकला.

"हे बघा बाबा, किल्ला बघायला सगळेच येतात. माझं काम किल्ल्याच्याही आधीचं. हा तट बांधायच्या कितीतरी आधी इथे लाकडाची घरं होती, असं मला वाटतं. लाकूड केव्हाच कुजून गेलं. पण खांब जिथे पुरले होते तिथली माती काळी पडली. ते खाली काळे गोल दिसतात ना, तेच ते..."

डागशास्त्री मान डोलावत होते. पण त्यांचे डोळे दाढीवाल्याच्या बाहीवर खिळले होते. कोपराजवळ एक तांबूस डाग. गंज? गंज नव्हे. गंजाला अशी कड येत नाही. पानाचा? माणूस तर पान खाणारा दिसत नाही. मग डिंक. जुना डिंक, त्यावर धूळ...

"बाबा? ऐकताय ना?"

"अं? हो, हो. घरं. लाकडाची. छान."

"मॅडम आता येतीलच. चर कसा आरशासारखा हवा त्यांना. एक काडी चालत नाही, एक पाऊल चालत नाही. घाण दिसली की तिथूनच परत फिरतात."

हे वाक्य मात्र डागशास्त्रींच्या कानात बरोबर शिरलं. हे सगळं विज्ञान त्यांना आज पहिल्यांदाच कळेल असं वाटू लागलं.

भिंगरी आणि दाढीवाला मॅडमना घ्यायला किल्ल्याच्या दरवाजाकडे गेले. कामकरी मंडळी जेवायला झाडाखाली गेली. बायको म्हणाली, "मी जरा तटावर बसते. काहीही न करता बसायचंय मला, एकदा करून बघते." आणि गेली. कापडी मांडवाखाली डागशास्त्री आणि चर, असे दोघेच उरले.

त्यांनी खाली पाहिलं. काय जमीन साफ केली होती पोरीने! इस्त्री केलेल्या चादरीसारखी सपाट, एक सुरकुती नाही. त्यांचा ऊर भरून आला. आणि मग त्यांना ते दिसले.

डाग!

काळे, गोल, ताटलीएवढे. एक, दोन, तीन... चादरीच्या मधोमध, ओळीने! आणि मॅडम येणार!

पोरीला वेळ पुरला नसणार. एकटीने किती करील? आणि बापाला सांगायला लाजली असेल. डागशास्त्री मांडवाच्या खांबाला धरून काठावरून वाकले. इतकी वर्षं लेकीच्या कामातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, या गोष्टीने ते आतल्या आत झुरत होते. आणि आज तिच्या कामातलं एक काम असं निघालं होतं, जे त्यांना येत होतं. नुसतं येत नव्हतं, त्यांच्याइतकं कुणालाच येत नव्हतं!

त्यांनी चपला काढल्या, बाह्या दुमडल्या आणि देवळात शिरावं तसे ते हळूच चरात उतरले.

सुरुवात कडेच्या डागापासून. हा बाकीच्यांपासून जरा फटकून होता. चष्मा पुसला, वास घेतला. मग पट्टी काढली. कडेकडून मध्याकडे, हा त्यांचा नियम. मध्यापासून कडेकडे गेलात की डाग पसरला म्हणून समजा. पट्टीने अर्ध्या बाजूची काळी माती अलगद उचलली. खाली पुन्हा काळं. आणखी उचलली. आणखी काळं! "अस्सं," डागशास्त्री डागाला म्हणाले, "मुरलेला आहेस." असले डाग त्यांना मनापासून आवडत. मनगट आत गेलं. बघता बघता हात कोपरापर्यंत आत गेला. शेजारी काळ्या मातीचा नीटनेटका ढीग झाला.

"अहो!"

वर बायको उभी होती. काहीही न करता बसणं तिला फार काळ जमलं नव्हतं.

"आलोच. जवळजवळ निघालाय."

"काय निघालाय?"

"डाग."

बायको होती तिथेच खाली बसली. "अहो, ती मघाशी काय सांगत होती? ते डाग म्हणजेच तिचं काम आहे. तेच बघायला मॅडम येतायत."

"डाग बघायला?"

"हो."

"मुद्दाम?"

"हो! त्या डागांवरून कळतं, तिथे खांब होते, घर होतं. डाग गेला तर खांब गेला. खांब गेला तर घर गेलं. घर गेलं तर तुमच्या पोरीचा चर गेला!"

डागशास्त्रींनी खड्ड्यातून हात बाहेर काढला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा.

"आता काय करू गं?"

"परत लावा."

"काय परत लावू?"

"डाग! काढता येतो तसा लावता येत नाही का?"

उभ्या आयुष्यात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी काढलेली माती दोन्ही हातांनी खड्ड्यात परत लोटली. पण उकरलेली माती म्हणजे पिंजलेला कापूस, ती बसेना! आणि वाऱ्याने सुकून करडी पडली. बायकोने पिशवीतून थरमास काढला आणि वरून चहा ओतला. माती काळी झाली खरी, पण तिच्यावर दुधाची साय आली.

"दूध कशाला घातलंस चहात?"

"मला काय ठाऊक, तो जमिनीला पाजायचा आहे!"

शेवटी बायको उठली, कामकऱ्यांच्या विझलेल्या चुलीकडे गेली आणि पदराखालून मूठभर राख आणि कोळशाची भुकटी घेऊन आली. डागशास्त्रींनी ती मातीत कालवली, थापली, तळव्याने घोटली, पट्टीने कड कापली, ब्रशाने वरचा हात फिरवला. आणि मागे सरून पाहिलं.

"झालं!"

बायकोने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, इतका गोल? नुकता छापखान्यातून आल्यासारखा! बाकीचे बघा कसे वेडेवाकडे आहेत."

"मला वाईट काम जमत नाही," डागशास्त्री खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

"आज जमवा!"

पण तेवढ्यात तटाच्या वळणावर टोप्या दिसल्या. दोघं धडपडत वर आली. बायकोने काळे हात पदरात गुंडाळले, डागशास्त्रींनी पाठीमागे घेतले. शर्टाच्या पाठीवर होते त्या ठशांना सोबत मिळाली.

मोठ्या मॅडम दिसायला एवढ्याशा होत्या आणि आवाज तर त्याहून लहान. त्यामुळेच त्या बोलल्या की सगळे श्वास धरून ऐकत. "हे तुझे आई-बाबा? वा." त्यांनी हात पुढे केला. डागशास्त्रींनी हात मागेच ठेवून कमरेत इतकं वाकून दाखवलं की मॅडम दोन पावलं मागे सरल्या.

मग भिंगरी चरात उतरली आणि एकेक डाग दाखवू लागली. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता. दुसऱ्या डागाशी तो स्थिरावला. तिसऱ्याशी तर तो खणखणीत झाला. "आधी कड बघायची, मॅडम. मधल्या रंगावर जायचं नाही, तो फसवतो. कड खरं सांगते."

काठावर उभे असलेले डागशास्त्री थक्क झाले. हे तर त्यांच्या दुकानातलं बोलणं होतं! शब्दन् शब्द! गल्ल्याखाली बसून गृहपाठ करणाऱ्या पोरीने ते कधी उचललं, त्यांना पत्ताही नव्हता. आणि मग त्यांना आठवलं की आता कडेचा डाग येणार.

भिंगरी कडेच्या डागाशी आली आणि थांबली.

ती खाली बघत राहिली. मग तिने हळूच मान वर केली. इतकी सफाईदार कड काढणारा अख्ख्या जगात एकच माणूस तिला माहीत होता. तो माणूस आत्ता समुद्राकडे बघत होता.

"हा?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, हा... हा धरू नका. हा खराब झालाय. माझ्याकडून. माझं लक्ष नव्हतं."

"खोटं बोलतेय ती!"

सगळे वळले. डागशास्त्रींनी दोन्ही काळे हात पुढे धरले होते. "मी केलं, मॅडम. माझा धंदाच डाग काढायचा. मला वाटलं, घाण राहिलीय. तिने नीट सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही, मी ह्यांची बाही बघत होतो." दाढीवाल्याने स्वतःची बाही पाहिली. "डिंक आहे तो. मॅडम, तुम्ही मला काय हवं ते बोला, पण चर तिचाच राहू द्या. बाकीच्यांना मी बोटसुद्धा लावलेलं नाही. वेळच मिळाला नाही."

"अहो, शेवटचं वाक्य नको होतं," बायको पुटपुटली.

खाली लाटा आपटत होत्या. मॅडमनी चरात उतरून डागाचा वास घेतला. "चहा?" त्या म्हणाल्या.

"हो," डागशास्त्री म्हणाले. आज कबुली देणारे ते होते.

"किती खोल गेला होतात?"

"कोपरापर्यंत."

"तळ लागला?"

"नाही."

"मग आता बघायलाच हवं." मॅडमनी स्वतःची करणी काढली, गुडघ्यावर बसल्या आणि डागाचा अर्धा भाग सरळ कापत खाली गेल्या. भिंगरी मातीचा एकेक गोळा वर देत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. डागशास्त्रींना तिच्याकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना. बऱ्याच खाली गेल्यावर करणी थांबली. मॅडमनी दोन बोटांनी काहीतरी ओढून वर काढलं.

निळी नायलॉनची दोरी. गाठ मारलेली.

नायलॉन कुठल्या काळात आलं हे सांगायला पुरातत्त्वज्ञ लागत नाही. मग कुणीतरी खाकरलं. तो दाढीवाला होता.

"व्हॉलीबॉल," तो म्हणाला. त्या दिवसातला त्याचा हा पहिला शब्द.

"काय?"

"गेल्या हंगामात. इथे तेव्हा गवत होतं. संध्याकाळी खेळायचो. जाळी बांधायला खांब पुरला होता. जाताना काढला आणि खड्डा चुलीतल्या राखेने बुजवला."

"अरे, मग बोलला का नाहीस!" भिंगरी किंचाळली. ती या हंगामातच आली होती. "मी या डागासाठी घराला एक जास्तीची ओसरी जोडली! रात्रंदिवस डोकं फोडलं की हे लोक ओसरी अशी तिरकी का बांधायचे!"

"मी दिसतं ते काढतो. कुणी विचारलं नाही."

मॅडमच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू असावं. "ओसरी गेली," त्या म्हणाल्या. "मलाही ती खटकत होतीच, तेच बोलायला आले होते. आता बाकीचे डागही असेच कापून तळापर्यंत बघायला हवेत. त्याला पुढचा हंगाम लागेल. तो तू घे." आणि उठता उठता डागशास्त्रींकडे वळून म्हणाल्या, "राख तुम्ही कुठली भरलीत?"

"चुलीतली."

"मग मूळचाच डाग परत लावलात म्हणायचं. काम चोख आहे तुमचं."

मॅडमची गाडी धूळ उडवत गेली. ती दिसेनाशी झाल्यावर भिंगरी चराच्या काठावर पाय सोडून बसली. तिला हसू येत होतं की रडू, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. डागशास्त्री जरा अंतर ठेवून बसले.

"बाबा, कशाला हात लावलात हो?"

डागशास्त्रींनी नखातली माती काढायला घेतली. "मला वाटलं, तुझ्या कामातलं एवढं एक तरी मला येतं."

भिंगरी सरकत सरकत जवळ आली आणि तिने त्यांचा काळा हात आपल्या मातकट हातात घेतला. दोघंही ते हात बघत बसले. कुणाचा मळ कुठला हे सांगता येण्यासारखं राहिलं नव्हतं.

"आता पुढच्या वर्षी याल ना?"

"येईन. आईला सांग, माझे हात बांधून आणायला."

"दुकान?"

"बंद ठेवू. चष्मेवाल्याला आधी सांगून ठेवतो म्हणजे घाबरणार नाही."

दाढीवाल्याने ओसरी खोडली. घर एका खांबाने लहान आणि बरंच सरळ झालं. त्याने तो कागद सगळ्यांसमोर धरला. भिंगरीने डोळे पुसून मान डोलावली. डागशास्त्रींनीही डोलावली, आणि या खेपेला त्यांना सगळं कळलं होतं.

बायको मात्र इतका वेळ चराकडे बघत बसली होती. उरलेल्या काळ्या गोलांवरून तिची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत आली.

"मला खेळातलं काही कळत नाही," ती दाढीवाल्याला म्हणाली, "पण जाळीला खांब दोन लागतात ना?"

दाढीवाल्याने थोडा विचार केला.

"लागतात," तो म्हणाला.